हियार उठवल्याची नोंद

६ मार्च, शुक्रवार

अव्वादनं आज मला सोडलं.

जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात सात पुरुष रांगेत उभे केले होते. चौथा अव्वाद, माझा चुलतभाऊ. गेल्या वर्षी गाव ताब्यात घेतलेल्या हत्यारबंद जथ्याचा एक माणूस मोबाईलवर सगळं टिपत होता. आम्ही बायका शेजारच्या उम्म फहदच्या गच्चीवर, नखशिखान्त काळ्या बुरख्यात. एकेकानं पुढे यायचं आणि म्हणायचं — माझ्या चुलत्याच्या अमुक मुलीवर मी हियार बसवला होता, तो उठवला, ती आता मोकळी. अव्वाद पुटपुटला. त्यांचा म्होरक्या, अमीर, म्हणाला, "मोठ्यानं! गच्चीपर्यंत गेलं पाहिजे." मग आलं गच्चीपर्यंत.

पंधरा वर्षं! एकोणीसची होते मी. मयादीनचा एक मास्तर मागणी घालायला आला होता. अव्वाद दारात आडवा उभा राहिला. "ही माझी. माझ्याशिवाय कोणी करणार नाही हिला." चुलतभावाचा हक्क. एवढं एक वाक्य बोललं की झालं, पुढे त्यानं काही करायचं नसतं. घरात एक बायको आणि चार वर्षांचा पोरगा तेव्हाच होता; पुढे आणखी दोन लग्नं केली, मला सोडून. नऊ पोरं झाली. त्यातल्या सहांना मी शाळेत अक्षरं गिरवायला शिकवली.

बायकांनी जिभा वळवून आनंदाचा गलका केला. बंदी आहे, तरी केला. आईनं गच्चीभर खजूर वाटले. सगळ्या माझ्या गळ्यात पडत होत्या आणि मला फक्त पाय दुखत असल्याचं कळत होतं. दोन तास उभी होते.

७ मार्च, शनिवार

उठले. चूल पेटवली. रोट्या भाजल्या. सगळं कालसारखंच. चौतिसाव्या वर्षी आता कोण येणार आहे मागणी घालायला! आई मात्र कालपासून जथ्याला दुवा देत सुटली आहे.

११ मार्च, बुधवार

उम्म याकूब घरी आली होती. जथ्याची बायकांवरची प्रमुख. कुठल्याशा समुद्राकाठच्या मोठ्या शहरातून आलीय. बोलते ती छापील, पुस्तक समोर धरून वाचल्यासारखं. आईला निम्मं कळत नाही, पण मान डोलावते.

"तुर्फा भगिनी, आपण शिक्षिका होता असे समजले. स्त्रियांच्या तक्रारींसाठी आम्ही दफ्तर उघडत आहोत. येथील स्त्रिया माझ्यापाशी मोकळेपणाने बोलत नाहीत."

आई मध्येच — "बोलतील कशा, पोरी? तुझं बोलणं मुल्लांना कळलं तरी पुष्कळ!"

मी आईला कोपरानं ढोसलं. पण उम्म याकूब हसली. अगदी खरं हसली, बुरख्याखाली खांदे हलले.

दफ्तर कुठे, तर आमच्या शाळेत. गेल्या वर्षी ह्यांनीच कुलूप घातलं तिला. माझाच तिसरीचा वर्ग. मी हो म्हटलं. शाळा पुन्हा उघडेल म्हणून हो म्हटलं, असं आईला सांगितलं. खरं कारण साधं आहे. त्यांनी मला सोडवलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

१५ मार्च, रविवार

पहिला दिवस. फळ्यावर अजून माझंच अक्षर — नदीचे पाच उपयोग लिहा. पुसवेना.

एकोणतीस बायका आल्या. मनगट कामातून गेलं.

२२ मार्च, रविवार

सबहाला जमीन मिळाली!

बाप जाऊन अकरा वर्षं झाली. नदीकडचा तिचा तुकडा भावांनी दिलाच नाही. आमच्या टोळीच्या शेखकडे, शेख दह्हामकडे, तीनदा जाऊन आली होती. "बहिणीनं भावाकडे मागायचं नसतं," एवढंच दर वेळी ऐकून परत. उम्म याकूबनं भावांना बोलावलं, वाटणीचा नियम वाचून दाखवला, दोन तासांत दोरी टाकून जमीन मोजली. सबहा तिच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकली. तिनं हात काढून घेतला. "हे मी दिलेले नाही. ते आपलेच होते."

चाळीस वर्षांत सरकारनं कुठल्या बाईला दिलं नाही, शेखनं दिलं नाही. ह्यांनी दिलं. नावं कशी ठेवू?

फक्त एक डोळ्यांत खुपलं. मोबाईलवाला आजही होता. बाईला न्याय मिळाला की तो असतोच. आणि त्याचा मोबाईल बाईकडे नसतो, भावांच्या तोंडाकडे असतो.

२९ मार्च, रविवार

शेख दह्हामच्या बैठकीत आता कॉफी उकळून उकळून आटते. प्यायला कोणी जात नाही.

२ एप्रिल, गुरुवार

उम्म याकूबला वही हवी आहे. हियार उठलेल्या, उठायच्या राहिलेल्या, सगळ्या मुलींची. "नोंद असली म्हणजे उद्या कोणताही पुरुष फिरणार नाही." बरोबर आहे. पुरुष फिरतात.

रकाने मी आखले, ती सांगत गेली. नाव. वय. आई. वडील — हयात, मयत, बेपत्ता. भाऊ आहे का. राहते कुठे. आणि दुसरी वही लग्नांची. त्यात तिनं स्वतः हट्टानं एक रकाना घातला — मुलीची संमती. "लिहिणारीने मुलीला एकटीला बसवून विचारायचे. बाप नको, भाऊ नको, काका नको. विचारल्याशिवाय एकही विवाह नोंदवायचा नाही."

मला पंधरा वर्षांत कोणी असा रकाना दाखवला असता तर! मी फूटपट्टीनं दोनदा रेघ ओढली त्याची.

शाळेच्या हजेरीची सवय जात नाही. प्रत्येक महिना नव्या पानावर, आधीच्या पानाच्या तळाशी दोन-चार ओळी कोऱ्या.

९ एप्रिल, गुरुवार

घरोघर फिरते आहे. बुरखा, हातमोजे, वर ऊन. घरी आले की अंगाला वाफ येते. बायका आधी कानावर हात ठेवतात. मी बसते, चहा घेते, माझीच गोष्ट सांगते. मग आया पुढे होतात. "बाई सांगताहेत म्हणजे लिही गं." आज अकरा नावं. फिद्दाच्या नुजूदचं घेतलं. माझ्याच हाताखाली शिकलेली, पाढे पक्के. बाप विहिरीत पडून गेला, चुलतभावानं ती आठ वर्षांची असताना हियार बसवलेला. उम्म याकूब म्हणते मी फार चांगलं समजावते.

१४ एप्रिल, मंगळवार

आज मी माझ्याच घरचं काम केलं. खुझामावरचा हियार उठवला.

खुझामा माझी भाची. सतरा वर्षांची. तिची आई बाळंतपणात गेली. बाप, म्हणजे माझा भाऊ नव्वाफ, तीन वर्षांपूर्वी नाक्यावर बसमधून उतरवला, त्यानंतर पत्ता नाही. पोर आमच्यापाशीच आहे. ती दहाची असताना अव्वादनं आपल्या पोरासाठी, सत्तामसाठी, हियार बसवून ठेवला होता. बापानं मला अडवलं, पोरगा तिला अडवणार! तक्रार मीच लिहिली, मीच पुढे केली. सत्ताम पंप दुरुस्त करताना उठून आला होता, हात काळे. अंगणात स्वच्छ आवाजात म्हणाला, "उठवला." खाली मान घालून पंपाकडे परत गेला.

घरी येऊन खुझामाला सांगितलं. भेंड्या चिरत होती.

"मोकळी झालीस!"

"बरं," म्हणाली. जरा वेळानं — "आता मी काय करायचं, आत्या?"

"काही नाही. मोकळं असायचं."

मग उम्म याकूबबद्दल विचारत बसली. ती खरंच पुरुषांना उभं करते का? खरंच कोणीही गेलं तरी ऐकून घेते का? मी म्हटलं हो, ऐकून घेते. आज मी फार खूश आहे.

३ मे, रविवार

नुजूदचं लग्न. नवरा जथ्यातला, परदेशी. मुलीच्या संमतीचा रकाना मी भरला. एकटीला बसवून विचारलं. "आई म्हणते हो म्हण," म्हणाली. मी लिहिलं — होय म्हणाली.

७ मे, गुरुवार

आणखी दोन लग्नं. आमच्या गावातली चार पोरं जथ्यात भरती झाली. का, तर लग्न लावून देतात. वधूला मेहर द्यायला नको, वधूच्या बापाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. काल त्यातलाच एक चौकात उभा राहून बायकांचे बुरखे तपासत होता. दुसरीत असताना चड्डी सांभाळता येत नव्हती त्याला.

१२ मे, मंगळवार

सबहा दफ्तरात आली होती. ह्या वेळी तक्रार घेऊन नाही, पकडून आणलेली. स्वतःच्या जमिनीत एकटी गेली! सोबत घरचा पुरुष नव्हता. उम्म याकूबनं ताकीद देऊन सोडलं. आता ती शेतावर भावासोबतच जाते, म्हणजे जात नाही. भाऊच पेरतो. जमीन तिची, कागद तिचा, भाजी भावाची.

"मग मिळालं काय गं मला?" मला विचारत होती. 

१४ मे, गुरुवार

शेख दह्हाम आईला वाटेत भेटला. म्हणाला, "तुझ्या पोरीनं घरं फोडली आमची." आईनं सुनावलं — "पंधरा वर्षं माझं घर फुटलं होतं तेव्हा कुठे होतात शेखसाहेब?" घरी येऊन मात्र रडत बसली.

मला दोघांचंही पटलं. आणि झोपावंसं वाटलं.

१९ मे, मंगळवार

आज दफ्तराच्या व्हरांड्यात जथ्याचे तिघं-चौघं कागद चाळत उभे होते. हसत होते, एकमेकांना कोपर मारत होते. जाताना नजर गेली. माझं अक्षर! माझ्या वहीच्या छायाप्रती. नावांपुढे खुणा केलेल्या.

खुणा सगळ्यांपुढे नव्हत्या. आत येऊन मूळ वही काढली आणि रकाना बघितला. जिथे वडील मयत किंवा बेपत्ता, आणि भाऊ नाही, तिथेच खूण. नुजूद. हमरा. अनूद. आणि पुढच्या पानावर खुझामा, तिच्यापुढेही खूण झालीच असणार.

मी समजत होते की मी मुलींची नावं घेते आहे. घराघरात जाऊन, चहा पिऊन, कोणाच्या दाराला कडी नाही तेवढं लिहून आणत होते.

हियार काय होता? कुंपण होतं. सडकं, काटेरी, आतल्या बाईचं रक्त काढणारं. पण बाहेरच्याला कळायचं, इथे कोणीतरी दावेदार आहे. ते मी माझ्या हातानं काढलं, आणि काढल्याची सहीशिक्क्याची नोंद करून दिली. सात चुलतभावांचा हियार उठला. एका अमीरचा सगळ्यांवर बसला.

२० मे, बुधवार

उम्म याकूबला विचारलंच. 

"माझी वही पुरुषांच्या हातात कशी?"

"विवाहाकरिता. ज्या मुलीला पालक नाही तिचा पालक अमीर. सन्मानाने मागणी घातली जाते. यात आपणास काय खटकते?"

"त्यांना नाही म्हणता येतं?"

"अर्थात. योग्य कारण सांगावे लागेल."

"योग्य कोण ठरवणार?"

तिनं लग्नांची वही पुढे ओढली. मग म्हणाली, "तुर्फा भगिनी, चुलतभावासाठी कुजण्यापेक्षा हे बरे. आपण कुजलात."

असं तोंडावर! मला राग यायला हवा होता. पण तिनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. म्हणाली, "सोळा महिन्यांत माझे दोन पती गेले. तिसरे मला शोकाचे चार महिने दहा दिवस पूर्ण झाल्यावर दिले गेले. अकराव्या दिवशी." एवढंच, छापील भाषेत, हवापाणी सांगावं तसं. "मला विचारले होते. मी होय म्हणाले." आणि संमतीच्या रकान्याकडे बघत राहिली.

त्या रकान्यावर तिचा अजून विश्वास आहे. हेच मला सोसवत नाही.

२४ मे, रविवार

आज उम्म याकूब स्वतः म्हणाली. आनंदाची बातमी द्यावी तशी. "आपल्या भाचीसाठी उत्तम स्थळ आहे. नदीपलीकडचे सेनानी आहेत. पुढच्या सोमवारी अमीर आपल्याकडे निरोप धाडतील."

म्हणजे एक जून. आठ दिवस.

नदीपलीकडे जो आहे त्याच्या दोन बायका आहेत आणि तिसरी फेब्रुवारीत मेली. कशानं, कोणी बोलत नाही.

घरी आले. खुझामा केस विंचरत होती. तिला काही सांगितलं नाही. पोरीच्या पोटात काही राहत नाही, शेजारच्या उम्म फहदला सांगेल, तिथून चौकात जाईल. आणि पळायचं कुठे? दोन्ही पूल त्यांचे.

२५ मे, सोमवार

अव्वादच्या घरी गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आईला सोबत घेतलं. त्याच्या थोरलीनं दार उघडलं आणि बघतच राहिली.

अव्वाद अंगणात बाजेवर. म्हातारा दिसायला लागलाय.

"का आलीस? आणखी काही उठवायचं राहिलं का?"

"बसवायचं आहे," मी म्हटलं.

आधी त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा हसला, बराच वेळ. आईनं काठी आपटली तेव्हा थांबला.

"पंधरा वर्षं शिव्या घातल्यास मला."

"अजून घालते. पण खुझामाचं सत्तामशी लग्न लाव. ह्याच आठवड्यात. गुपचूप."

"हियार उठवताना मोबाईलमध्ये घेतलंय त्याला. आता फिरला तर मान जाईल पोराची."

"हियार नाही, निकाह. ती मोकळी झाली, मग रीतसर मागणी घातली, ती हो म्हणाली. एप्रिलमध्ये. असं मी लिहीन. लग्न झालेल्या बाईला कोणी नेत नाही. तेवढा एक नियम ते पाळतात."

अव्वादनं हसणं सोडलं. खोटी नोंद केली म्हणून खालच्या गावच्या कारभाऱ्याचं, मुख्तारचं, ह्यांनी काय केलं ते त्यालाही माहीत आहे. पुढचं इथेही लिहीत नाही.

"तुला भीती नाही वाटत?"

"थकलेय मी. भीतीला पण ताकद लागते."

सत्तामला हाक मारली. आला, ऐकलं, मान हलवली. "खुझामाला चालेल का?" एवढं एक विचारलं बिचाऱ्यानं. अव्वाद खेकसला, "तिला कोण विचारतंय, जीव वाचतोय तिचा!" मी गुरुवार ठरवून टाकला. घाई होती.

निघताना न राहवून विचारलं. "मला का अडवलं होतंस?"

डोकं खाजवलं त्यानं. "तेव्हा सगळेच अडवायचे. चारचौघांत बोलून गेलो. मग वाटलं सोडावं, पण सोडला तर लोक हसतील म्हणून लाज वाटली. तुझ्यापण भल्याचंच वाटलं होतं — तो मास्तर काही धड दिसत नव्हता."

लाज! कुठलं प्रेम नाही, वैर नाही. लाजेपायी पंधरा वर्षं. मला वाटलं होतं हे ऐकून मी त्याच्या अंगावर धावून जाईन. आईचा हात धरला आणि उन्हातून घरी आले.

२८ मे, गुरुवार

निकाह झाला. मुल्ला खलफ आले होते — ज्यांना मशिदीतून काढलं ते जुने मुल्ला. पडद्याआड खुझामा, शेजारी मी. तिला सकाळी सांगितलं.

"सत्तामशी? तुम्हीच तर सोडवलं होतं मला, आत्या."

"हो."

"मग?"

"मग आता हेच तुझ्या भल्याचं आहे. नंतर सांगीन. आता प्रश्न विचारू नकोस."

मुल्लांनी तीनदा विचारलं. ती गप्प. मुल्ला म्हणाले, "लाजली. गप्प म्हणजे होकारच." सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवले. गलका नाही, खजूर नाहीत. सत्तामनं नवा सदरा घातला होता. नखांतलं काळं काही गेलं नव्हतं.

जेवायला मटणाच्या रश्शात कुस्करलेल्या रोट्या होत्या. खुझामानं घास घेतला नाही.

३० मे, शनिवार

लग्नांच्या वहीत एप्रिलच्या पानाच्या तळाशी तीन ओळी कोऱ्या होत्या. उम्म याकूब नमाजाला उठली तेव्हा लिहिलं. वीस एप्रिल. खुझामा नव्वाफ, सत्ताम अव्वाद. साक्षीदार दोन. शाईत थोडं पाणी घातलं होतं, जुनी दिसावी म्हणून. मुलांच्या नकला पकडण्यात जन्म गेला, त्यांचे सगळे डाव मला पाठ आहेत.

संमतीच्या रकान्याशी हात अडला. मग लिहिलं — एकटीला बसवून विचारले. होय म्हणाली.

१ जून, सोमवार

अमीरचा निरोप यायच्या आधीच मी वही पुढे केली. "पहिल्या यादीत सुधारायचं राहिलं. माझी चूक. तिचं लग्न एप्रिलमध्येच झालंय."

उम्म याकूबनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. माझ्याकडे बघितलं.

"आपण स्वतः विचारलेत तिला?"

"स्वतः."

"आपल्या भाचीला आपण विचारले नाही असे कसे होईल," म्हणाली, आणि शिक्का मारला. जीव भांड्यात पडला. वर्गाबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, किती वेळ कोणास ठाऊक.

वाचली पोर.

४ जून, गुरुवार

खुझामाला अव्वादच्या घरी पोचवलं. उशी नेली, गोधडी नेली. मला बिलगली नाही. आजीला बिलगली. वळताना म्हणाली, "अव्वादकाकानं तुम्हाला अडवलं तेव्हा तुम्ही काय केलं होतं, आत्या?"

"काय करणार? होतं कोण ऐकायला?"

"हां," म्हणाली.

तिला सगळं समजावून सांगायला हवं. जरा थंड होऊ दे. उद्या, शुक्रवारी जाईन.

५ जून, शुक्रवार

गेले नाही. ताप होता, बहुतेक उन्हाचा. आईनं कपाळावर ओलं फडकं ठेवलं. दिवसभर झोपले. किती महिन्यांनी अशी झोप लागली!

७ जून, रविवार

दफ्तरात चौतीस बायका. पलीकडच्या गावातूनही येऊ लागल्यात. लोक म्हणतात, बाकी जथा कसाही असो, बाईमाणसाचं ऐकतात. मी मान खाली घालून लिहिते.

सत्ताम वाटेत भेटला. थांबला, बोलावं की नाही असं करत. "ती बोलत नाही माझ्याशी, बाई. मी पण बोलायला लावत नाही." चांगला पोरगा आहे. उद्या नक्की जाईन आणि खुझामाला सांगीन — यादी, खुणा, नदीपलीकडचा माणूस, सगळं.

८ जून, सोमवार

जाता आलं नाही. दफ्तर अंधार पडेपर्यंत चाललं.

९ जून, मंगळवार

रांगेत पहिली खुझामा. बुरख्यातही चालीवरून ओळखली. उम्म याकूब माझ्या शेजारीच बसलेली.

"तक्रार?" मी विचारलं.

"माझं लग्न मला न विचारता लावलं. वहीत मी हो म्हटल्याचं लिहिलंय म्हणे. मला कोणी विचारलंच नाही."

"कोणाविरुद्ध?"

"तुम्हाला माहीत आहे, आत्या. लिहा."

उम्म याकूबनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "भिऊ नकोस, मुली. येथे तुझे ऐकले जाईल."

निकाह रद्द होईल. तिचं नाव यादीत पुन्हा चढेल. हे पोरीला ठाऊक नाही, आणि उम्म याकूबसमोर सांगायला मला तोंड नव्हतं. ती पाणी पीत होती, पाठ ताठ, माझ्याकडे बघत. मी लिहिलं. माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, राहणार कुठे.